दाब

मकरपुऱ्याच्या यार्डात, सात नंबरच्या शेडमागे,
अकरा महिने एक ट्रान्सफॉर्मर उभा आहे.
बेचाळीस टन. करडा रंग. पोटात तेल नाही,
तेल वेगळं जातं, पिंपांतून.
आत नुसता कोरडा नायट्रोजन,
बाहेरच्या हवेपेक्षा जरासा जास्त दाबाचा,
म्हणजे ओल शिरत नाही.

अंगावर स्टेन्सिलने एका बंदराचं नाव.
ते बंदर आता नकाशात आहे, तेवढंच.

दर सोमवारी मी गेज बघते.
पॉइंट दोन. वहीत लिहिते. सही.
काटा उतरला की नगीनभाई राठवा सिलिंडर गडगडवत आणतात,
नळी जोडतात, पत्र्याला कान लावतात,
गाभण म्हशीच्या पोटाला लावावा तसा.
"जीवे छे," म्हणतात.
ऑगस्टात विश्वामित्री चढली तेव्हा
जॅक लावून, स्लीपर सारून, त्यांनीच हा हातभर उचलला.
पाणी उतरलं तर शेजारी एक मगर पडलेली,
तिलाही कुठे जायची घाई नव्हती.

टीव्हीवर म्हणतात, बोलणी होणार.
तिसऱ्याच कुठल्या देशात, तळ्याकाठच्या हॉटेलात.
आधी तोफा थांबवा, मग बसू.
आधी बसा, मग थांबवू.
बोलणी म्हटलं की मला दांडिया बाजारातला
चुलतबहिणीच्या लग्नाचा दिवाणखाना आठवतो:
कोणाची गादी भिंतीला, कोणाची दाराशी,
हुंडा नाही, देणंघेणं नाही, सगळं ठरलेलं,
आणि मोडलं ते
आधी कोण उठलं यावरून.

कॅन्टीनमध्ये सेव-उसळीवर तर्री ओतत
पर्चेसचा दिघे म्हणतो, लिहून ठेवा, दिवाळीपर्यंत मिटतं.
गेल्या दिवाळीचं लिहिलेलं माझ्याकडे आहे.

तिकडच्या इंजिनिअरचं आडनाव मला अजून उच्चारता येत नाही.
मी त्याला सर म्हणते, तो मला मॅडम.
आधी विचारायचा, माल कधी निघतो?
मग विचारायचा, दुसऱ्याला विकला तर नाही ना?
हल्ली एवढंच: दाब किती आहे?
पॉइंट दोन, मी सांगते.
मागे जनरेटर धडधडत असतो.
एकदा तो मधेच बंद पडला
आणि हा बोलत राहिला, पण आवाज खाली आणून.
अंधारात माणसं हळू बोलतात, तिकडेही.

म्हणाला, मसुद्यात चौथं कलम आहे म्हणे,
वीजघरांवर मारा करायचा नाही.
माझ्या वीजघराचा ओटा तेवढा उरलाय, मॅडम,
आणि चार बोल्ट.
बोल्टना मी ग्रीस लावून ठेवतो.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.
लढाईच्या आधी, पाच नंबरच्या शेडमधून
दोन लहान ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या देशात गेले.
तांब्यावर कागद गुंडाळणारी तीच जशीबेन,
तपासणीच्या कागदावर सही माझीच.
परवा त्यानेच विचारलं,
त्यांनाही तुम्हीच देता का?
हो म्हटलं.
बराच वेळ नुसता जनरेटर.
मग म्हणाला, चालू आहेत त्यांचे?
माहीत नाही, मी म्हटलं. त्यांचा फोन येत नाही.

मार्चअखेर ऑडिटर येऊन गेला.
म्हणाला, स्टेन्सिल खरवडा, राजस्थानात गिऱ्हाईक आहे.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.
जून म्हणाले साहेब. जूनपर्यंत थांबू.

काल रात्री बातमी आली, बोलणी लांबली.
फिसकटली नाहीत, लांबली,
निवेदिकेने तो शब्द दोनदा उच्चारला.

आज सोमवार. काटा पॉइंट एक-सातवर.
कुठलातरी व्हॉल्व्ह बारीक गळत असणार.
नगीनभाई साबणाचं पाणी घेऊन जोडाजोडावर ब्रश फिरवताहेत,
बुडबुडा कुठे फुगतो ते बघत.
मी उकिडवी बसलेय त्यांच्याशेजारी, वही मिटून.
फोन वाजतोय.
थांबा, मी त्याला म्हणते,
थांबा सर, बघतोय आम्ही.